दिव्याच्या सापळ्यातले शेणकिडे: निवडक सापळा बनवण्याच्या दोन हंगामांचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका शेतकरी गटाचं आहे. गट, गाव किंवा माणसं ओळखू येतील असे सगळे तपशील मी काढून टाकले आहेत. सापळ्यात सापडलेले किडे वेगळे करणं आणि ओळखणं हे माझं काम होतं, त्यामुळे पुढे जे लिहिलं आहे त्यातलं बरंचसं मी स्वतः हाताने निवडलेलं आणि डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

गटातल्या जवळजवळ प्रत्येकाच्या शेतात हुमणी होती. मातीत राहून मुळं कुरतडणारी, इंग्रजी सी अक्षरासारखी वाकलेली पांढुरकी अळी. वरून पीक पिवळं पडलेलं दिसतं आणि उपटायला गेलं की रोप अलगद हातात येतं, कारण खाली मूळ उरलेलंच नसतं. तोवर अळी मोठी झालेली असते आणि मातीच्या आत तिच्यापर्यंत औषध पोचवणं फार अवघड जातं. म्हणून हुमणीचा बंदोबस्त करायचा तो भुंगेऱ्याच्या अवस्थेत, म्हणजे अळीचा उडणारा किडा झाल्यावर, हे शेतकरी पूर्वीपासून जाणतात. पहिल्या मोठ्या पावसानंतर भुंगेरे तिन्हीसांजेला जमिनीतून बाहेर पडतात, ठरावीक झाडांवर जाऊन पाला खातात, तिथेच त्यांचं मीलन होतं आणि उजाडायच्या आत ते पुन्हा मातीत शिरतात. मादी अंडी घालते तीही मातीतच. बाहेर पडल्यापासून अंडी घालेपर्यंत जे थोडे दिवस मिळतात, तेवढीच काय ती संधी.

या दिवसांसाठी गटाने प्रकाश सापळे लावले होते. रचना नेहमीचीच: अतिनील प्रकाशाचा दिवा, त्याभोवती उभे पत्रे, खाली नरसाळं आणि नरसाळ्याखाली साबणाच्या पाण्याची बादली. दिवा रात्रभर जळायचा. किडा पत्र्यावर आपटला की नरसाळ्यातून घसरून थेट बादलीत.

नेमकी अडचण

पावसानंतरच्या एका सकाळी आम्ही एक बादली पांढऱ्या कागदावर उपडी केली आणि दोन ढीग करायला बसलो. एका बाजूला हुमणीचे भुंगेरे, दुसऱ्या बाजूला बाकी सगळे. अर्ध्या तासातच दुसरा ढीग पहिल्याच्या पुढे गेला. त्यात जमिनीवर शिकार करणारे ग्राउंड बीटल होते, हिरव्या जाळीदार पंखांचे क्रायसोपर्ला होते, रात्रीच्या फुलांवर जाणारे हॉक मॉथ होते, अळ्यांच्या अंगात अंडी घालणाऱ्या लांब मिशांच्या परोपजीवी माश्या होत्या. आणि शेणकिडे होते. पुष्कळ शेणकिडे.

गटातले एक वयस्कर काका ढिगाशेजारी उकिडवे बसले होते. त्यांनी एक शेणकिडा तळहातावर घेतला, अंगठ्याने उलटा केला आणि विचारलं, ‘‘ह्यांना आपण कशापायी मारतोय?’’ बांधावर पडलेला शेणाचा पोव पूर्वी दोन दिवसांत पोखरून भुसभुशीत व्हायचा, आता तसाच वाळून पापडासारखा होतो, असं त्यांचं म्हणणं. याला फक्त सापळे जबाबदार आहेत असं मी म्हणणार नाही. जनावरांना जंतासाठी दिलेली आयव्हरमेक्टिनसारखी औषधं शेणातून बाहेर पडतात आणि त्यानेही शेणकिड्यांची पिढी मरते. पण आपल्या हाताने होणारी हानी थांबवणं तरी आपल्या हातात होतं.

शेणकिडा नसला तर काय होतं, याचं मोठं उदाहरण ऑस्ट्रेलियाचं आहे. तिथले मूळ शेणकिडे कांगारूसारख्या प्राण्यांच्या शेणाला सरावलेले. गाईगुरं आली, त्यांचं शेण कुरणांवर साचत गेलं आणि त्यात माश्या वाढल्या. शेवटी १९६० च्या दशकात सीएसआयआरओ या संशोधन संस्थेने, जॉर्ज बोर्नेमिसा यांच्या पुढाकाराने, बाहेरून शेणकिडे आणून सोडायचा कार्यक्रम हाती घेतला. जे किडे तिथे जगाच्या दुसऱ्या टोकाहून आणावे लागले, ते आम्ही साबणाच्या पाण्यात बुडवत होतो.

दिव्याचा सापळा आंधळा असतो, हे काही नवीन नाही. १९९६ साली फ्रिक आणि टॅलमी यांनी अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात घरगुती विजेच्या किडेमार दिव्यांत मेलेले किडे मोजले. एकूण १३,७८९ किडे निघाले. ज्यांच्यासाठी लोक ते दिवे लावत होते, ते चावणारे डास आणि चिलटं त्यात होती फक्त ३१. शिकारी आणि परोपजीवी कीटक मात्र १,८६८.

आमच्या प्रकरणात आणखी एक गाठ होती. हुमणीचा भुंगेरा आणि शेणकिडा हे एकाच कुळातले, स्कॅराबिडी. दोघांच्या मिशांच्या टोकाला पानांच्या जुडीसारखा गेंद, दोघांचे पुढचे पाय दातेरी, दोघंही तपकिरी-काळे. मारायचा तो आणि वाचवायचा तो एकमेकांचे चुलतभाऊ निघाले.

समोर असलेले पर्याय

गटाच्या बैठकीत पाच पर्याय आले.

दिवे बंद करायचे आणि झाडं हलवून भुंगेरे हाताने गोळा करायचे, हा सगळ्यात जुना उपाय पहिल्यांदा निघाला. झाडाखाली कापड पसरायचं, फांद्या हलवायच्या, पडलेले भुंगेरे वेचायचे. निवडकपणात याला तोड नाही, कारण पाला खाणाऱ्या झाडावर शेणकिडा नसतोच आणि वेचणारा हात माणसाचा असतो. अडचण मनुष्यबळाची. भुंगेरे नेमके कोणत्या रात्री निघतील ते आधी कळत नाही आणि रोज रात्री दहा माणसं बाहेर काढणं कुणालाच जमत नाही.

दुसरा पर्याय गंधाचा. १९५९ साली आडोल्फ बुटेनांट यांनी रेशीम पतंगाचं बॉम्बिकॉल हे कामगंधद्रव्य, म्हणजे मादी नराला बोलावायला सोडते तो गंध, शोधलं. तेव्हापासून एकाच जातीला बोलावणारं आमिष हा निवडक सापळ्याचा सर्वांत स्वच्छ मार्ग ठरला आहे. हुमणीच्या होलोट्रिकिया कॉन्सँग्विनिया या जातीत ॲनिसोल हे द्रव्य भुंगेऱ्यांना बोलावण्याचं काम करतं. पण हुमणी हे एका जातीचं नाव नव्हे आणि आमच्या शेतातली जात वेगळी होती. आम्ही ॲनिसोलचे बोळे बांधून पाहिले. भुंगेरे फिरकले नाहीत.

तिसरा पर्याय साधा होता: आहे त्याच सापळ्यात सुधारणा. दिवा रात्रभर न ठेवता भुंगेरे निघतात तेवढाच वेळ लावायचा, नरसाळ्याखाली जाळी बसवून बारीक किडे बाहेर जाऊ द्यायचे, बादलीतलं पाणी काढून टाकायचं.

चौथा पर्याय असा की कॅमेरा लावायचा, पण मारायचं काहीच नाही. किडा ओळखून फक्त निरोप पाठवायचा. एक्सेटर विद्यापीठाने २०२४ मध्ये मांडलेली व्हेस्पएआय ही यंत्रणा अशीच आहे. आमिषाच्या थाळीवर कॅमेरा असतो, पिवळ्या पायांची आशियाई गांधीलमाशी दिसली की सूचना जाते आणि थाळीवर आलेले बाकीचे कीटक खाऊन निघून जातात.

पाचवा पर्याय कॅमेरा आणि झडप. किडा ओळखायचा, हुमणीचा असला तर धरायचा, नसला तर सोडायचा. याचंही उदाहरण होतं. मायक्रोसॉफ्टच्या प्रोजेक्ट प्रिमॉनिशनचा डासांचा सापळा २०१६ मध्ये टेक्सासमधल्या हॅरिस काउंटीत वापरला गेला. त्यात ६४ छोटे कप्पे होते. कप्प्यात शिरलेल्या कीटकाच्या पंखांची थरथर सेन्सरने टिपायची, हवा तो डास असला तरच त्या कप्प्याचं दार बंद व्हायचं.

आम्ही पाचवा निवडला. गटात दोन तरुण संगणक शिकलेले होते, छोटा संगणक आणि कॅमेरा हाताशी होता आणि सगळ्यांना उत्साह होता. तिसऱ्या पर्यायावर बैठकीत दहा मिनिटंसुद्धा बोलणं झालं नाही. मीही त्यावर जोर दिला नाही, आणि या संपूर्ण प्रकरणातली माझी सर्वांत मोठी चूक तीच, असं आज मला वाटतं.

पहिला हंगाम

नरसाळ्याखाली बादलीऐवजी एक पांढरी तबकडी आली. तबकडीवर कॅमेरा, तबकडीच्या कडेला सर्वो मोटरवर फिरणारी झडप. झडप डावीकडे वळली तर किडा डब्यात, उजवीकडे वळली तर बाहेर. फोटोवरून किडा ओळखणारं संगणकाचं मॉडेल लहान होतं, मोबाइलमध्ये चालतं त्या जातीचं, कारण सगळं सौर पॅनेलच्या बॅटरीवर चालवायचं होतं.

मॉडेलला शिकवायला आम्ही उपलब्ध संग्रहांमधले फोटो घेतले. स्वच्छ, टाचणीला लावलेले, पाठ वर असलेले किडे. चाचणीचे आकडे उत्तम आले आणि आम्ही सापळा उभा केला. पहिल्याच रात्री मॉडेल गोंधळलं. कारण तबकडीजवळ बसून पाहिल्यावर लगेच कळलं. नरसाळ्यातून घसरत आलेला भुंगेरा पाठीवर पडतो. पाय वर, पोट वर, एक पंख अर्धवट बाहेर आलेला, अंगावर पाण्याचे थेंब. तो पाय झाडत स्वतःभोवती गोल फिरतो आणि सुलटा होईपर्यंत आणखी दोन त्याच्या अंगावर येऊन पडतात. टाचणीच्या फोटोंत हे काहीच नव्हतं. मॉडेलने पाठी पाहिल्या होत्या, सापळा पोटं दाखवत होता.

मग आम्ही तीन आठवडे आमच्याच तबकडीवरचे फोटो गोळा केले. झडप बंद ठेवली, सगळे किडे सकाळी सोडून दिले आणि दिवसा बसून एकेका फोटोला नाव दिलं. पुन्हा शिकवलं, पुन्हा उत्तम आकडे. या वेळी चूक दुसरीच होती. एक किडा तबकडीवर असेपर्यंत कॅमेरा त्याचे दहा-बारा फोटो काढतो. आम्ही सगळे फोटो एकत्र करून त्यातून शिकवण्याचे आणि तपासण्याचे असे दोन गठ्ठे केले होते. म्हणजे एकाच किड्याचे काही फोटो शिकवण्यात गेले, उरलेले परीक्षेत आले. मॉडेल जात ओळखत नव्हतं, तो किडाच ओळखत होतं. गठ्ठे रात्रीनुसार वेगळे केले, काही रात्री पूर्णपणे परीक्षेसाठी राखून ठेवल्या, तेव्हा खरे आकडे समोर आले. ते बरे होते, पण उत्तम नव्हते.

चुका कुठे होत आहेत हे पाहायला मी चुकलेले फोटो एकापुढे एक मांडले. डाव्या डब्यात जाणाऱ्या मोठ्या शेणकिड्यांत एकाही किड्याच्या डोक्यावर शिंग नव्हतं. कोप्रिससारख्या शेणकिड्यांत नराच्या डोक्यावर लांब शिंग असतं, मादीला जेमतेम एक उंचवटा. आमच्या फोटोंत शिंगवाले नर ठसठशीत दिसत होते. शिंग दिसलं की शेणकिडा, एवढंच मॉडेलने शिकून घेतलं होतं. ज्यांना शिंग नाही त्या माद्या त्याच्या लेखी हुमणीचे भुंगेरे होत्या. शेणकिड्याची मादी पतंगासारखी शेकड्यांनी अंडी घालत नाही. कोप्रिसची मादी जमिनीखाली शेणाचे मोजके गोळे करते, प्रत्येकात एक अंडं घालते आणि त्यांच्याजवळ राखण करत बसते. नेमक्या त्याच आमच्या डब्यात जात होत्या. सरासरी आकडा चांगला दिसत असताना आतून हे चाललं होतं, आणि फोटो एकेक करून पाहिले नसते तर ते कळलंही नसतं.

फरक दाखवणाऱ्या खुणा होत्या. शेणकिड्याचं डोकं पुढून फावड्यासारखं पसरट असतं. त्याच्या मधल्या दोन पायांची मुळं पोटाखाली एकमेकांपासून लांब असतात, हुमणीच्या भुंगेऱ्यात ती जवळ येतात. उलट्या पडलेल्या किड्यात ही दुसरी खूण स्पष्ट दिसते. माद्यांचे उलटे फोटो आम्ही मुद्दाम जमवायला लागलो.

झडप कोणत्या बाजूला, हा निर्णय

यापुढचा प्रश्न मला मॉडेलपेक्षाही महत्त्वाचा वाटतो. मॉडेल प्रत्येक किड्याला एक कॉन्फिडन्स स्कोअर देतं. स्कोअर कमी असला, म्हणजे किडा नीट ओळखू आला नाही, तर झडपेने काय करायचं?

पहिल्या रचनेत झडप विश्रांतीच्या वेळी डावीकडे, म्हणजे डब्याकडे कललेली होती. हे कुणी ठरवून केलं नव्हतं. मोटर बसवताना तसं सोयीचं पडलं, एवढंच. परिणाम असा की मॉडेलला शंका आली, दोन किडे एकावर एक पडले, लेन्सवर धुकं आलं, संगणक अडकला किंवा कोळ्याने कॅमेऱ्यासमोर जाळं विणलं, की येणारा प्रत्येक जीव डब्यात जायचा.

बैठकीत मी फळ्यावर एक हिशेब मांडला. धरा, रात्री १,००० किडे आले आणि त्यात हुमणीचे ४० आहेत. मॉडेल दोन्ही बाजूंनी ९५ टक्के बरोबर आहे. ४० पैकी ३८ डब्यात जातील. उरलेल्या ९६० पैकी ५ टक्के चुकून धरले जातील, म्हणजे ४८. डब्यात ८६ किडे आणि त्यांतले निम्म्याहून जास्त निरपराध. ९५ टक्के ऐकायला मोठं वाटतं, पण ज्याला शोधायचं तो थोडका आणि बाकीची गर्दी मोठी असली की तेवढ्याने भागत नाही.

बैठकीत मतभेद झाले. एका सभासदाचं म्हणणं रोखठोक होतं: एक मादी भुंगेरी सुटली तर तिची अंडी माझ्या मुळांवर बसणार, शेणकिड्याचं नुकसान मला पुढल्या दहा वर्षांत कधीतरी दिसेल. त्याचं चुकत होतं असं नाही. नुकसान ज्याच्या शेतात होणार, त्याला असं वाटणं स्वाभाविक आहे. शेवटी काकांनीच तोड काढली. सुटलेला भुंगेरा झाडावर पाला खायला जाणारच आहे, तिथे त्याला हाताने वेचायची आणखी एक संधी आहे. डब्यात मेलेल्या शेणकिड्याला दुसरी संधी नाही. झडप विश्रांतीच्या वेळी बाहेरच्या बाजूला राहील, खात्री असेल तरच डब्याकडे वळेल, असं ठरलं.

तरी डब्यात शेणकिडे येतच राहिले. आठवडाभर कारण सापडेना. एका रात्री मी सापळ्याजवळ दोन तास बसले. एका शेणकिड्याच्या पाठीवर मातीचा ठिपका होता. तो तबकडीवर पडला, झडपेने बाहेर टाकला, खाली गवतात थोडा चालला, उडाला, पुन्हा पत्र्यावर आपटला, पुन्हा तबकडीवर. त्याच रात्री माझ्या डोळ्यांदेखत तो चार वेळा आला. झडपेतून सुटका म्हणजे दिव्यापासून सुटका नव्हतीच. नेचर कम्युनिकेशन्समध्ये २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सॅम्युएल फेबियन, यश सोंधी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं आहे की उडणारे कीटक आपली पाठ प्रकाशाकडे ठेवायला बघतात. आकाश उजळ असतं तेव्हा यानेच त्यांना वर-खाली कळतं, पण जवळच्या दिव्यापाशी हीच सवय त्यांना दिव्याभोवती फिरवत ठेवते. म्हणजे आमचा शेणकिडा तिथून जाऊच शकत नव्हता. प्रत्येक फेरीत चुकून धरलं जाण्याची शक्यता ५ टक्के धरली, तर दहा फेऱ्यांनंतर तो डब्यात असण्याची शक्यता ४० टक्क्यांवर जाते. शिवाय बाहेरच्या बाजूला, नेमकं किडे पडतात तिथे, एक जाडजूड भेक, म्हणजे बेडकासारखा प्राणी, येऊन बसू लागला होता.

दुसरा हंगाम

दुसऱ्या हंगामात आम्ही सापळा उलट्या क्रमाने बांधला. आधी साधे उपाय, मग कॅमेरा.

दिवा तिन्हीसांजेपासून भुंगेऱ्यांची गर्दी ओसरेपर्यंतच. एवढ्यानेच हॉक मॉथ आणि मध्यरात्रीनंतर येणाऱ्या बऱ्याच कीटकांचा प्रश्न सुटला, कारण ते येतात तेव्हा दिवाच नसतो. नरसाळ्याच्या तळाशी जाळी. परोपजीवी माश्या आणि क्रायसोपर्ला तिच्यातून खाली निघून जातात, तबकडीपर्यंत पोचतच नाहीत. या बारीक कीटकांना कॅमेरा तसाही नीट ओळखू शकला नसता. तबकडीच्या आधी एक अरुंद उतरती पन्हळ, म्हणजे किडे एकामागून एक येतील. पावसानंतरच्या दाट रात्री तरीही पन्हळ तुंबायची, तेव्हा दिवा आपोआप विझायचा आणि पन्हळ मोकळी झाल्यावर पुन्हा लागायचा.

सोडायच्या किड्यांसाठी बंद, अंधारी पेटी केली, तळाला पालापाचोळा. दिवा विझल्यावर काही वेळाने पेटीचं दार उघडायचं, म्हणजे किडे अंधारात आपापल्या वाटेने जातील. पहिल्या रात्रीनंतर पेटी उघडून पाहिली तर आत पंखांचे तुकडे. ग्राउंड बीटल शिकारी असतात, आम्ही त्यांना भरलेलं ताट दिलं होतं. मग पेटीत आडव्या जाळ्या आल्या, मोठे वर अडकतात, लहान खाली जातात. यानेही सगळे वाचत नाहीत, पण पंखांचे तुकडे फार कमी झाले.

मॉडेलच्या बाजूने बदल एकच, पण मोठा. आधी मॉडेल किडे आठ गटांत वाटायचं, ते काढून तीनच गट ठेवले: धर, सोड, माहीत नाही. कोणता किडा कोणत्या जातीचा हे झडपेला कळायची गरज नव्हती. ‘माहीत नाही’चे फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये जमत गेले आणि दर रविवारी मी ते पाहत होते.

निकाल

बादलीच्या काळात एका सापळ्यात जेवढे हुमणीचे भुंगेरे पडायचे, त्याहून कमी आता डब्यात पडतात. हे आधीच सांगायला हवं, कारण फक्त भुंगेरे मोजणाऱ्याला हा सापळा जुन्यापेक्षा वाईट वाटेल. पण डबा उपडा केल्यावर दुसरा ढीग आता मूठभर असतो. हॉक मॉथ नाहीत, जाळीपंखी नाहीत, शेणकिडे बोटांवर मोजण्याइतके.

ज्याची आम्ही अपेक्षा केली नव्हती असा फायदा वेगळाच निघाला. झडपेच्या नोंदींमुळे भुंगेरे कोणत्या रात्री निघायला लागले, किती वाजता, आणि गर्दी कधी वाढली, हे त्याच रात्री कळू लागलं. सापळ्याने गटाला निरोप पाठवायचा आणि घरोघरचे लोक कापडं, बॅटऱ्या घेऊन झाडांकडे निघायचे. रोज रात्री दहा माणसं नेणं अशक्य होतं, ठरलेल्या तीन रात्री नेणं जमलं. त्या तीन रात्रींत हाताने वेचलेले भुंगेरे सापळ्यांनी हंगामभरात धरलेल्यांपेक्षा जास्त होते. म्हणजे बैठकीत बाजूला पडलेला पहिला पर्याय आणि चौथा पर्याय हातात हात घालून परत आले.

त्या वर्षी मुळांवर हुमणी कमी दिसली. त्याचं श्रेय सापळ्याला द्यायला मी तयार नाही. पाऊस वेगळा होता आणि तुलनेसाठी जुन्या पद्धतीचं एकही शेत आम्ही ठेवलं नव्हतं.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या हंगामातच दिव्याची वेळ आणि जाळी, एवढ्या दोन गोष्टी करून डबा मोजायला हवा होता. मग कॅमेऱ्यासाठी नेमकं किती काम उरतं ते दिसलं असतं. आमच्या बाबतीत कॅमेऱ्याचं खरं काम एकच होतं: भुंगेरा आणि मोठा शेणकिडा वेगळा करणं. त्याऐवजी आम्ही त्याला सगळ्या रात्रीचा पसारा ओळखायला बसवलं.

शेजारी एक जुना सापळा आणि एक नुसत्या जाळीचा सापळा ठेवायला हवा होता. त्यासाठी काही किडे मरू द्यावे लागले असते, म्हणून गटाने नको म्हटलं. तो निर्णय मला आजही पटत नाही, पण त्यामागची भावना पटते. आठवड्यातून एकच रात्र, एवढी तडजोड करता आली असती.

सोडलेल्या बाजूची तपासणी आम्ही उशिरा सुरू केली. डब्यात चुकून आलेला शेणकिडा डोळ्यांना दिसतो, चुकून सुटलेला भुंगेरा दिसत नाही. पेटीचं दार उघडण्याआधी पंधरा मिनिटं बसून आतले किडे मोजले की तो आकडा मिळतो. दुसऱ्या हंगामाच्या मध्यापर्यंत हे कुणाला सुचलं नाही, आणि ज्या सभासदाची सुटलेल्या मादीबद्दल तक्रार होती, त्याच्या प्रश्नाला तोवर आमच्याकडे उत्तर नव्हतं. आता दर आठवड्याला तोच पेटी मोजतो.

झडप कोणत्या बाजूला असावी, हा प्रश्न मोटर बसवण्याआधी बैठकीत यायला हवा होता. शेतकऱ्यांना मॉडेलमधलं काही कळणार नाही असं समजून तो आम्ही तिघाचौघांत ठेवला. प्रत्यक्षात तो प्रश्न त्यांनाच सर्वांत चांगला कळला आणि तोडही त्यांनीच काढली.

‘माहीत नाही’चं फोल्डर अजून भरतं आहे. त्यातले बरेच फोटो बिनशिंगाच्या शेणकिड्यांचे आहेत, पोट वर, पाय ताणलेले. मधल्या पायांची मुळं लांब आहेत की जवळ, हे एकेका फोटोवर खूण करून लिहायचं काम निम्म्यावर आलं आहे. पहिला पाऊस पडायच्या आत ते पूर्ण झालं नाही, तर या वेळी झडप कायम बाहेरच्या बाजूला ठेवून दिवा लावायचा आणि सापळ्याने फक्त निरोप द्यायचा, असं गटाने ठरवलं आहे.